रक्तातलं डिझायनर ड्रग पकडायचं कशाने? सोलापुरातल्या लॅबसाठी चार पद्धतींची तुलना

रक्तातली ड्रग्ज तपासायची सोय सोलापुरातच करायची, असं ठरवून एखादं रुग्णालय, खासगी लॅब किंवा कॉलेज कामाला लागलं की थोड्याच दिवसांत टेबलावर कोटेशनांचा ढीग जमतो. कुणी म्हणतं किटवर भागेल, कुणी जीसी-एमएस सुचवतं, कंपनीचा माणूस एचआरएमएसचं ब्रोशर ठेवून जातो (ही दोन्ही रेणूचं वस्तुमान मोजून पदार्थ ओळखणारी मशीनं, पुढे सविस्तर येतातच). किमती काही हजारांपासून काही कोटींपर्यंत. यांची तुलना किमतीपासून सुरू केली की निर्णय हमखास फसतो, कारण ही साधनं एकाच प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. "याने एमडी घेतलंय का?" हा एक प्रश्न आणि "याने घेतलंय तरी काय?" हा दुसरा. पहिल्यात नाव आधीच ठाऊक आहे, दुसऱ्यात तेच शोधायचंय. आपल्याकडे येणारे नमुने बहुतेक वेळा यातला कोणता प्रश्न घेऊन येणार, हे आधी कागदावर लिहून काढा. मशीन त्यावरून ठरतं.

सोलापूरसाठी हा विषय आता पुस्तकातला राहिलेला नाही. मेफेड्रोन, म्हणजे रस्त्यावरचं एमडी, फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या चिंचोळी एमआयडीसीत एमडी बनवणारा कारखाना पोलिसांनी पकडला. पुणे-हैदराबाद हमरस्ता शहराला लागून जातो, आणि सिव्हिलच्या अपघात विभागात अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्यापासून कर्नाटकच्या हद्दीपलीकडचेही रुग्ण येतात. बेशुद्ध किंवा सैरभैर तरुण आत आणला जातो, सोबतचे मित्र काही बोलत नाहीत, आणि डॉक्टरला त्या घडीला निर्णय घ्यायचा असतो.

डिझायनर ड्रग बनवताना ओळखीच्या अमली पदार्थाच्या रेणूत एखादा गट बदलतात, एखादा अणू इकडचा तिकडे करतात. नशा साधारण तीच राहते, पण कायद्याच्या यादीतलं नाव आणि चाचणीच्या यादीतलं नाव, दोन्ही चुकतात. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाकडे अशा पदार्थांची नोंद हजाराच्या वर गेली आहे. मेफेड्रोनचं कॅथिनोन घराणं, 'स्पाइस' नावाने विकले जाणारे, गांजासारखी नशा देणारे कृत्रिम कॅनाबिनॉइड, अफूसारखी काम करणारी फेंटानिलची भावंडं आणि निटाझीन, एटिझोलामसारखी बेंझो (झोपेच्या, शांत करणाऱ्या गोळ्यांच्या) घराण्यातली नवी औषधं, असे त्यातले मोठे गट. तपासणीची पद्धत निवडताना हे गट डोळ्यांसमोर हवेत, कारण एका गटाला चालणारी पद्धत दुसऱ्या गटाला साफ आंधळी असू शकते.

किट: झटपट, पण निगेटिव्हवर विसंबू नका

मेडिकल सप्लायरकडे मिळणारी सहा किंवा दहा पॅनलची कार्डं लघवीसाठी बनवलेली असतात. त्यांच्यावर रक्ताचा थेंब टाकून काही कळत नाही. रक्तासाठी वेगळी एलायसा किटं असतात, पण तत्त्व तेच. अँटिबॉडी एका ठरावीक आकाराच्या रेणूला चिकटते आणि त्यावरून रेघ उमटते किंवा रंग बदलतो.

अडचण त्या आकारातच आहे. अॅम्फेटामिनच्या पट्टीतली अँटिबॉडी अॅम्फेटामिन किंवा मेथअॅम्फेटामिनसाठी घडवलेली असते. मेफेड्रोनच्या साखळीवर एक जादा ऑक्सिजन असतो, तेवढ्याने पकड ढिली होते. माणूस एमडीने घामाघूम झालाय, नाडी १४० ला पोचली आहे, आणि कार्ड निगेटिव्ह दाखवतंय, असं सहज घडू शकतं. गांजाच्या पट्टीला कृत्रिम कॅनाबिनॉइड दिसतच नाहीत, कारण त्यांची रचना टीएचसी या गांजातल्या नशाद्रव्याशी जुळत नाही. 'के-टू' किंवा 'स्पाइस' लिहिलेल्या खास पट्ट्या मिळतात, त्यातल्या बऱ्याच जेडब्ल्यूएच-०१८ या पहिल्या पिढीच्या पदार्थांसाठी बनलेल्या आहेत. बाजार तिथून कधीच पुढे गेला. मॉर्फिनची पट्टी फेंटानिल पकडत नाही.

बेंझोच्या पट्टीचं मात्र उलट आहे. एटिझोलाम, फ्लुअल्प्राझोलाम यांसारखी नवी बेंझो तिच्यावर बऱ्याचदा पॉझिटिव्ह येतात, कारण त्यांचा सांगाडा जुन्या औषधांसारखाच असतो. नेमकं कोणतं औषध आहे ते पट्टी सांगू शकत नाही, एवढंच. खोट्या पॉझिटिव्हचाही त्रास आहेच. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन किंवा रक्तदाबाचं लॅबेटॅलॉल घेतलेल्या माणसाची अॅम्फेटामिनची रेघ पॉझिटिव्ह येऊ शकते.

रात्री दोन वाजता अपघात विभागात दहा मिनिटांत काहीतरी दिशा हवी असते, आणि किट तेवढी देतं. म्हणून किट ठेवा. रिपोर्टवर मात्र "अमली पदार्थ आढळले नाहीत" असं एकच वाक्य कधीही छापू नका. "या कार्डावरच्या अमुक गटांसाठी लघवीची प्राथमिक चाचणी निगेटिव्ह, एमडी आणि इतर डिझायनर ड्रग्ज या चाचणीत तपासली जात नाहीत" असं लिहा. वाक्य लांबतं, पण पुढचा डॉक्टर फसत नाही, आणि मुलाचे आईवडील खोट्या दिलाशावर घरी जात नाहीत.

जीसी-एमएस: जुनं आणि भरवशाचं, तरी एमडीपुढे अडखळणारं

वायू वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपट यांची ही जोडी विषशास्त्रात पिढ्यान्पिढ्या वापरात आहे. कोर्टाला तिची ओळख आहे, एमएस्सी झालेल्या मुलांना ती शिकवलेली असते. तिची मोठी ताकद अशी की रेणूवर नेहमी ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचाच मारा होतो, त्यामुळे जगात कुठेही काढलेला वर्णपट सारखा येतो. मग तयार लायब्ररीशी तो जुळवून पाहता येतो. स्वॉगड्रग या अमली पदार्थ विश्लेषकांच्या गटाची लायब्ररी तर फुकट उतरवून घेता येते आणि तिच्यात नवनव्या पदार्थांची भर पडत असते.

कॅथिनोनपाशी येऊन हीच ताकद दुबळी पडते. एवढ्या जोराच्या माऱ्यात मेफेड्रोनचा रेणू नायट्रोजनच्या शेजारी तुटतो आणि सगळ्यात उंच शिखर येतं ५८ वर. तेच ५८ मेथअॅम्फेटामिनचं, तेच एफेड्रिनचं, तेच मिथाइल-अमाइन असलेल्या इतर कित्येक कॅथिनोनचं. वर्णपटातून घराणं कळतं, माणूस कळत नाही. २-एमएमसी, ३-एमएमसी आणि ४-एमएमसी म्हणजे मेफेड्रोन, एकाच गटाची जागा तेवढी बदललेल्या या तिघांचे वर्णपट जवळपास एकसारखे. वेगळे करायचे तर कॉलममधून (मशीनमधल्या, पदार्थ वेगळे करणाऱ्या नळीतून) बाहेर पडण्याच्या वेळेवर, नाहीतर आधी डेरिव्हेटायझेशन करून, म्हणजे रेणूला रासायनिक जोड देऊन. त्यात भर उष्णतेची. तापलेल्या इंजेक्टरमध्ये काही कॅथिनोन दोन हायड्रोजन गमावून वेगळ्याच रूपात पुढे जातात. यूआर-१४४, एक्सएलआर-११ यांसारख्या कृत्रिम कॅनाबिनॉइडमधलं तीन कार्बनांचं कडं तिथेच उघडतं. रक्तात जे नव्हतंच ते मशीनमध्ये तयार होतं, आणि नवखा विश्लेषक तेच रिपोर्टमध्ये लिहून मोकळा होतो.

तरीही सोलापुरात जीसी-एमएसला मोडीत काढू नये, असं माझं ठाम मत आहे. आपल्या जिल्ह्यात विषबाधेचा मोठा भार अजून शेतातल्या कीटकनाशकांचा आहे, आणि त्यासाठी हे मशीन उत्तम आहे. दुसरं कारण ताडी. ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलाम मिसळण्याचे प्रकार सोलापूर-तेलंगणा पट्ट्याला नवे नाहीत. क्लोरल हायड्रेट शरीरात गेल्यावर झपाट्याने ट्रायक्लोरोइथेनॉल बनतं. हा पदार्थ उडून जाणारा, म्हणून हेडस्पेस (नमुन्यावरची वाफ घेणारी जोडणी) जोडलेल्या जीसीवर तो सहज सापडतो, आणि दारूचं प्रमाणही त्याच जोडणीवर कळतं. पुढे ज्या एलसी (द्रव वर्णलेखन) पद्धतींचं कौतुक करणार आहे, त्यांच्या नेहमीच्या ड्रग पॅनलमध्ये ट्रायक्लोरोइथेनॉल नसतंच. म्हणजे बेशुद्ध रुग्णाच्या रक्तात 'नवं ड्रग' शोधता शोधता जुनी रसायन-ताडी निसटू शकते. सरकारी रुग्णालयाने ही शक्यता आधी धरावी.

ट्रिपल क्वाड: नाव ठाऊक असेल तर याच्यासारखं दुसरं नाही

एलसी-एमएस/एमएस, म्हणजे द्रव वर्णलेखनाला जोडलेला दुहेरी वस्तुमान वर्णपट, बोलीत ट्रिपल क्वाड. इथे रक्ताला उष्णतेचा त्रास नाही आणि बहुतेक पदार्थांना डेरिव्हेटायझेशन लागत नाही. काम साधं दिसतं. दोनशे मायक्रोलिटर रक्त घ्यायचं, त्यात ड्युटेरियम (जड हायड्रोजन) असलेलं अंतर्गत मानक, म्हणजे तुलनेसाठी ठरलेल्या मात्रेतला पदार्थ, घालायचं, मग थंडगार अॅसिटोनायट्राइल थेंब थेंब सोडत व्हॉर्टेक्सवर फिरवायचं. प्रथिनं गोळा होऊन विटकरी चोथा खाली बसतो. सेंट्रिफ्यूजनंतर वर जे नितळ पाणी उरतं ते मशीनला. अॅसिटोनायट्राइल एकदम ओतलं तर रक्ताची गुठळी होऊन औषध आतच अडकतं; थेंब थेंब म्हणतात ते त्यासाठी. कृत्रिम कॅनाबिनॉइड किंवा निटाझीनसारख्या फार कमी प्रमाणात असणाऱ्या पदार्थांसाठी एवढं पुरत नाही, मग एसपीई कार्ट्रिज (पदार्थ धरून ठेवणारी छोटी गाळणी) किंवा द्रावकाने निष्कर्षण करावं लागतं.

मशीनच्या आत काय होतं ते मेफेड्रोनवरूनच सांगतो. पहिला क्वाड्रुपोल (वस्तुमानाची गाळणी) १७८ वस्तुमानाचे आयनच, म्हणजे विद्युतभार चढलेले रेणूच, पुढे सोडतो. मधल्या कक्षात ते फुटतात. तिसरा क्वाड्रुपोल १६० आणि १४५ या दोनच तुकड्यांवर नजर ठेवतो. १७८ मधून पाणी गेलं की १६०, त्यातून मिथाइल गेलं की १४५. हे दोन्ही तुकडे ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या गुणोत्तरात आले तर मेफेड्रोन आहे असं म्हणता येतं, आणि अंतर्गत मानकाशी तुलना करून किती आहे तेही सांगता येतं.

'किती' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. स्वयंसेवकांवरच्या अभ्यासात २०० मिलिग्रॅम मेफेड्रोन तोंडावाटे दिल्यावर रक्तद्रवातलं प्रमाण सव्वा तासाच्या आसपास शिखरावर गेलं, मिलिलिटरमागे साधारण १३० नॅनोग्रॅम. अर्धायू दोन तासांच्या थोडी वर. म्हणजे शिखरानंतर दहा-अकरा तासांनी उरतं चार-पाच नॅनोग्रॅमच्या घरात. आता विचार करा. पंढरपुरात रात्री घेतलेला माणूस सकाळी सोलापुरात भरती झाला, रक्त दुपारी काढलं, तर नमुन्यात शिल्लक काय असेल? ट्रिपल क्वाड नीट बसवलेलं असेल तर एक नॅनोग्रॅम आणि त्याहून कमीही मोजतं. साधी जीसी-एमएस पद्धत त्या पातळीला गळपटते. कृत्रिम कॅनाबिनॉइड आणि निटाझीन तर बऱ्याचदा नॅनोग्रॅमच्याही खाली असतात, तिथे जीसी-एमएसचा विषयच संपतो.

मुख्य मर्यादा एकच, पण ती मूळची आहे. यादीत जे नाही ते ट्रिपल क्वाडला दिसत नाही. शंभर पदार्थांची पद्धत बसवली आणि रुग्णाने एकशे एकावा घेतला, तर क्रोमॅटोग्रामची रेघ सपाट राहते. शिवाय वस्तुमान पूर्णांकातच वेगळं करता येतं. मेफेड्रोनचा आयन १७८.१२२६ आणि एमडीएआय नावाच्या दुसऱ्या डिझायनर ड्रगचा १७८.०८६३. ट्रिपल क्वाडच्या पहिल्या गाळणीला दोन्ही १७८ च. तुकडे आणि वेळ यांवरून पुढे फरक कळतो, तोही पद्धत बसवणाऱ्याने ही जोडी आधी तपासून ठेवली असेल तर. ३-एमएमसी आणि ४-एमएमसी यांचे तर तुकडेही तेच, तिथे सगळी भिस्त कॉलमवर. साध्या सी-१८ कॉलमवर दोन्ही एकमेकांवर चढतात, बायफिनाइल किंवा पीएफपी कॉलम करून पाहावा लागतो. कायद्याच्या यादीत ज्याचं नाव आहे तोच हा पदार्थ, असं लिहून द्यायचं असेल तर या कामात टाळाटाळ चालत नाही.

चिंचोळीतल्या आणि आसपासच्या औषध कंपन्यांमुळे एलसी-एमएस चालवलेली मुलं सोलापुरात मिळतात. ही मोठी जमेची बाजू, कोटेशनमध्ये ती दिसत नाही. फक्त, शुद्ध गोळीतली अशुद्धी मोजणं आणि रक्तातलं औषध मोजणं यांत अंतर आहे. रक्तातले फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ आयनीकरण दाबून टाकतात आणि आकडा खाली येतो. हे शिकवायला वेळ ठेवा.

एचआरएमएस: काय घेतलंय ते विचारायचं असेल तर

एचआरएमएस म्हणजे उच्च-विभेदन वस्तुमान वर्णपट, मशीनची नावं क्यू-टॉफ किंवा ऑर्बिट्रॅप. वस्तुमान दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत मोजणारी मशीन. वरची १७८.१२२६ आणि १७८.०८६३ ही जोडी इथे पहिल्याच पायरीला सुटी होते. पण खरा फायदा वेगळा आहे. हे मशीन नमुन्यातलं जे जे आयन होतं ते सगळं नोंदवून ठेवतं, आपण यादी दिलेली असो वा नसो. आज रिपोर्ट "काही आढळलं नाही" असा गेला आणि सहा महिन्यांनी एखाद्या नव्या पदार्थाची माहिती आली, तर तीच जुनी फाइल उघडून त्या वस्तुमानासाठी पुन्हा शोध घेता येतो. रक्त संपलेलं असलं तरी. डिझायनर ड्रग्जच्या बाबतीत यासारखं दुसरं हत्यार नाही, आणि पैसा आड येत नसता तर मी डोळे झाकून हेच सुचवलं असतं.

लायब्ररीचीही सोय झाली आहे. हायरेसएनपीएस हा जगभरच्या विषशास्त्र प्रयोगशाळांनी मिळून चालवलेला माहितीसंच आहे. एका लॅबला नवा पदार्थ सापडला की त्याचं सूत्र आणि तुकडे बाकीच्यांना मिळतात. सोलापुरातल्या लॅबला युरोपात आज सापडलेल्या पदार्थासाठी उद्या नमुना चाळता येतो.

इथे एक इशारा मात्र जोर देऊन द्यायला हवा, कारण विक्रेते तो देत नाहीत. अचूक वस्तुमान म्हणजे ओळख पटली असं नाही. एमडीएमए आणि मेथेड्रोन या दोन्हींचं रेणुसूत्र एकच, सी-११ एच-१५ एन ओ-२. वस्तुमान शेवटच्या दशांशापर्यंत सारखं. कितीही महागडं मशीन आणा, निव्वळ वस्तुमानावर ते फरक करू शकत नाही. तुकडे पाहावे लागतात: एमडीएमएचा १६३, मेथेड्रोनचा पाणी गेलेला १७६. आणि शेवटचा शिक्का मानक पदार्थ (ओळख पक्की असलेला शुद्ध नमुना) स्वतःच्या मशीनवर चालवून वेळ जुळल्यावरच. तोवर रिपोर्टमध्ये "संभाव्य" हाच शब्द हवा.

दुसरा खर्च माणसाचा. रोज गिगाबाइटांनी डेटा तयार होतो, आणि त्यात बसून शोधणारा विश्लेषक नसेल तर एचआरएमएस हे फार महाग ट्रिपल क्वाड होऊन बसतं. अशी माणसं सोलापुरात आणणं, आणि आणल्यावर टिकवणं, हे मशीन आणण्यापेक्षा अवघड आहे.

एचपीएलसी-डीएडी, टीएलसी वगैरे जुन्या पद्धतींबद्दल फार लिहीत नाही. विसेऱ्यातल्या मोठ्या मात्रेच्या विषासाठी त्या अजून कामाच्या आहेत, रक्तातल्या नॅनोग्रॅमसाठी नाहीत. रंग-चाचण्या, एफटीआयआर, एनएमआर पकडलेल्या पावडरीसाठी. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात पेशींवर रिसेप्टर बसवून रक्तातला कृत्रिम कॅनाबिनॉइड त्याच्या कामावरून ओळखण्याची पद्धत विकसित झाली आहे. तिला रेणूचं नाव ठाऊक असावंच लागत नाही. कल्पना सुंदर आहे, पण सध्या खरेदीच्या यादीत धरण्यासारखी नाही.

मशीनच्या आधीचा खर्च: ट्यूब, फ्रीजर, फॉर्म

चारही पद्धतींची तुलना एका गोष्टीपाशी येऊन सारखी होते. नमुना बिघडलेला असेल तर चौघीही तेवढ्याच निरुपयोगी. आणि सोलापुरात नमुना बिघडायला वेळ लागत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, आणि मेफेड्रोनसह बरेच कॅथिनोन रक्तात साध्या तापमानालाही टिकत नाहीत. पीएच जेवढा अल्कलीकडे, तेवढी नासाडी लवकर. उणे २० अंशांवर ते बऱ्यापैकी तग धरतात.

रक्त कोणत्या ट्यूबमध्ये घ्यायचं? साखरेच्या तपासणीची करड्या टोपणाची ट्यूब प्रत्येक लॅबमध्ये असते. तिच्यात फ्लोराइड आणि ऑक्झलेट असतं, त्यामुळे एन्झाइमांचं काम थांबतं. निदान तीच वापरा, लाल किंवा पिवळ्या टोपणाची जेल असलेली नको, कारण जेल काही औषधं शोषून घेते. शक्य असेल तर फ्लोराइड-सायट्रेट बफरची ट्यूब मिळवा, पीएच ५.९ च्या आसपास ठेवलेल्या रक्तात कॅथिनोन जास्त टिकतात असं दिसून आलं आहे. दोन ट्यूब घ्या, एक चाचणीला, दुसरी सीलबंद राखीव. दारूचीही तपासणी करायची असेल तर त्वचा स्पिरिटने पुसू नका. मृतदेहातून घेताना मांडीच्या शिरेतलं रक्त घ्या. हृदयातल्या रक्तात आसपासच्या अवयवांतून औषध झिरपून आकडा फुगतो. सोबत लघवी जरूर घ्या, तिच्यात पदार्थ आणि त्याची रूपांतरं जास्त काळ सापडतात. कृत्रिम कॅनाबिनॉइडचा मूळ रेणू मात्र लघवीत सहसा उरत नाही, तो रक्तातच शोधावा लागतो.

नमुना पुण्याला पाठवायचा असेल तर अंतर अडीचशे किलोमीटर. थर्माकोलच्या खोक्यात घरच्या फ्रीजमधला बर्फ टाकून भर उन्हात एसटीने निघालं, तर भिगवणपर्यंत खोक्यात पाणी झालेलं असतं आणि ट्यूबवरच्या लेबलाची शाई पसरलेली असते. जेल पॅक, झाकण घट्ट बसणारा डबा, आत एक साधा तापमापक, आणि रात्रीची गाडी. एवढ्याने जे साधतं ते मशीनवर कोटभर जादा घालूनही साधत नाही.

फॉर्मवर एक रकाना हमखास रिकामा राहतो: उपचारात काय काय दिलं. झटक्यांसाठी मिडाझोलाम, वेदनेसाठी ट्रामाडॉल, नळी घालताना फेंटानिल किंवा केटामिन. हे सगळं मग मशीनवर दिसतं आणि रुग्णाच्या माथी लागतं. म्हणून भरतीच्या वेळचं, उपचाराआधीचं रक्त राखून ठेवा. ते अपघात विभागातल्या सिस्टरच्या हातात आहे, लॅबच्या नाही, म्हणून पहिलं प्रशिक्षण तिचं व्हायला हवं.

मग घ्यायचं काय?

खासगी रुग्णालय असाल आणि असे संशयित रुग्ण अधूनमधूनच येत असतील, तर मशीन घेऊ नका. किट, करड्या ट्यूब, उणे २० चा फ्रीजर, आणि एचआरएमएस असलेल्या मोठ्या लॅबशी लेखी करार. रिपोर्ट किती दिवसांत येणार, रक्त किती लागणार, डेटा किती वर्षं जपून ठेवणार, हे करारात लिहून घ्या.

कोर्टाच्या कामाची आशा धरून खासगी लॅब काढणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार ठरावीक सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञांचा अहवाल पुरावा म्हणून थेट वापरता येतो. खासगी लॅबच्या अहवालाला ती सवलत आपोआप मिळत नाही. तज्ज्ञाला साक्षीला उभं राहावं लागतं. त्यामुळे एमएलसी, म्हणजे पोलिस केस, असेल तर पोलिसांमार्फत नमुना सरकारी न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेकडेच जाणार आणि 'सीए रिपोर्ट', म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, तिकडूनच येणार. तुमचं काम उपचारासाठी, व्यसनमुक्ती केंद्रांसाठी. त्या कामाला एनएबीएल या प्रयोगशाळा-मान्यता मंडळाची मान्यता आणि लवकर मिळणारा रिपोर्ट लागतो, त्यामुळे ट्रिपल क्वाड बरोबर बसतं.

सरकारी रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय असेल तर माझा क्रम असा: आधी हेडस्पेससकट जीसी-एमएस, कारण कीटकनाशक आणि ताडी रोज येणार; मग ट्रिपल क्वाड. विद्यापीठाला किंवा संशोधन करणाऱ्या फार्मसी कॉलेजला अनुदान मिळत असेल तर एचआरएमएस जरूर घ्यावं, आणि सिव्हिलशी करार करून शहराचे न सुटलेले नमुने त्यावर चालवावेत. शहराला एकच एचआरएमएस पुरेल, पण ते कुलपात पडता कामा नये.

खर्चाचा हिशोब मशीनच्या किमतीवर थांबवू नका. जीसी-एमएसचं काम लाखांत भागतं, ट्रिपल क्वाडला कोटी ओलांडावा लागतो, एचआरएमएस त्याच्याही पुष्कळ पुढे. त्यावर वार्षिक देखभाल, जीसीला हेलियम, एलसीला नायट्रोजन जनरेटर, रात्रंदिवस चालणारा एसी आणि दमदार यूपीएस. वीज गेली आणि पंप थांबला की निर्वात पुन्हा जमायला कित्येक तास जातात, आणि तो दिवस वाया. शिवाय मानक पदार्थ. मेफेड्रोनचं मानक म्हणजे कायद्याने मेफेड्रोनच. ते आयात करायचं तर ग्वाल्हेरच्या सेंट्रल ब्यूरो ऑफ नार्कोटिक्सची परवानगी लागते. हा अर्ज मशीनच्या ऑर्डरच्या आधी करा. मशीन येऊन बसलं आहे आणि मानकाअभावी एकही रिपोर्ट निघत नाही, अशी वेळ येऊ देऊ नका.

आणि खरेदीच्या ऑर्डरमध्ये स्वीकृतीची अट स्पष्ट शब्दांत घाला. कंपन्यांना डेमो दाखवायला आवडतं शुद्ध द्रावणात. तुम्ही रक्तात मागा. दहा वेगवेगळ्या माणसांचं कोरं रक्त घ्यायचं, एकातही खोटं शिखर दिसता कामा नये. मग त्याच रक्तात मिलिलिटरला एक नॅनोग्रॅम मेफेड्रोन आणि तेवढंच ३-एमएमसी घालून दोन्ही शिखरं सुटी दिसली पाहिजेत, आकडा अपेक्षित किमतीच्या वीस टक्क्यांच्या आत आला पाहिजे, आणि हे सलग पाच दिवस, तुमच्याच खोलीत, तुमच्याच माणसाच्या हातून झालं पाहिजे. शेवटचा हप्ता त्यानंतर.